रविवारची कुंडी

आमच्या घरात फोनचा वार ठरलेला होता. रविवार, दिवेलागणीला. तेव्हा कॅनडात सकाळ असते आणि लेकीच्या घरी सुट्टी असते. बाकीचे दिवस फोन करायचा नाही, हा नियम आमच्या ह्यांचा. मोसंबीचं कलम शेतात लावलं की काही दिवस त्याला हात लावायचा नाही, सारखं हलवलं तर ते मूळ धरत नाही, असं हे म्हणतात. लेकीचं लग्न झालं, ती जावयांबरोबर तिकडे गेली, आणि ह्यांनी तोच कायदा तिला लावला. "सारखं सारखं फोन करू नको. रुजू दे तिला तिथं," म्हणाले. "ती काय कलम हाय का?" मी विचारलं. त्यावर हे नुसते हसले.

मी भोकरदनला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. घर इथे, बाग केदारखेड्याला. हे रोज सकाळी मोटारसायकलवर डबा लटकवून बागेत जातात आणि दिवस मावळताना येतात. माझी बाग गच्चीवर आहे. तेलाचे रिकामे डबे, रंगाच्या बादल्या, बूड फुटलेला एक माठ, आणि त्यांत मोगरा, शेवंती, जास्वंद. आमच्याकडे थंडी काही बर्फाची नाही, पण पौषात सकाळी गच्चीवरचा नळ सोडला की बोटं वाकत नाहीत. झाडांना ती माणसांच्या आधी कळते. मोगरा गप्प होतो. मार्गशीर्षात मी त्याचं पाणी कमी करते, शेंडे छाटते, कुंड्या उन्हाच्या भिंतीला सरकवते आणि तुळशीवर जुनी ओढणी टाकते. एक लहान कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवते. माघ सरताना पाणी वाढवलं की चैत्रात गजऱ्यापुरती फुलं येतात. एवढं माझं ज्ञान, आणि तेही आईकडून आलेलं.

ह्यांचं शास्त्र मोठं. मोसंबीचं पाणी हे ऐन थंडीत तोडतात. झाड तहानलेलं ठेवायचं, त्याला ताण देणं म्हणतात. चौथाई पानं पिवळी पडून गळाली की मग पाणी सोडायचं, आणि झाड फुलांनी भरून जातं. पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं, ह्यात ह्यांचा हात धरणारा सगळ्या केदारखेड्यात कुणी नाही, असं ह्यांचं स्वतःचं मत आहे. मत चुकीचं नाही. फक्त ते मोसंबीपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

तिकडच्या पहिल्या उन्हाळ्यात लेकीनं मोगऱ्याची कुंडी आणली. देशी सामान विकणाऱ्या एका दुकानात मिळाली म्हणाली. पांढरी प्लास्टिकची कुंडी आणि वीतभर उंचीचं झाड. तिनं ती खिडकीत ठेवली आणि फोन तिच्यासमोर धरला. खिडकी मोठी, कमरेपासून छतापर्यंत. मागे हिरवं झाड आणि निळं आभाळ दिसत होतं. जावई मागून आले, हात जोडले, "कसे आहात?" म्हणाले आणि गेले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. लेकीच्या घरात मोगरा आहे म्हणजे तिचं चांगलं चाललंय, असं मी धरून चालले. बायकांना एवढ्यावर समाधान मानायची सवय असते.

पुढे थंडी पडायला लागली तसं झाडाचं काय करायचं ते ती मला विचारायला लागली. मी इथे बसून तिला सांगत होते, म्हणजे उंटावरून शेळ्याच हाकत होते. बर्फ मी पाहिलेला नाही. पण तिच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहत होती. तिच्या दारात उन्हाळाभर कुंड्या मांडलेल्या असायच्या. थंडी आली तशी म्हातारीनं एकेक झाड बुडापासून बोटभर ठेवून कापलं आणि सगळ्या कुंड्या घराखालच्या तळघरात नेऊन ठेवल्या. लेक तिला उचलायला मदत करायला गेली आणि तिथून शिकून आली. जमिनीतल्या झाडाला बर्फाचं काही वाटत नाही, उलट वरून बर्फाची वाकळच मिळते. कुंडीतल्या झाडाला मात्र थंडी चारी बाजूंनी धरते, मातीचा दगड होतो आणि मूळ मरतं. म्हणून त्यांना तळघरात झोपवायचं, उजेड नको, महिन्यातून एकदा घोटभर पाणी. वसंतात पुन्हा वर आणायचं.

"आपल्या मोगऱ्याला पण झोपवू का?" तिनं विचारलं.

"त्याला न्हाई जमायचं ते. त्याला ऊब लागती आन् उजेड लागतो. खिडकीतच राहू दे. आन् आठवड्याला कुंडी थोडी फिरवत जा. झाड एकाच अंगानं झुकून राह्यलं बघ खिडकीकडं."

"हो आई, फिरवते."

तिनं कधीच फिरवली नाही. दर रविवारी झाड थोडं थोडं काचेकडे झुकत गेलं, म्हाताऱ्या बाईनं दारात वाकून रस्त्यावर बघावं तसं. मी दर रविवारी तेच सांगायची आणि ती दर रविवारी हो म्हणायची. हे मागून ओरडून पाण्याचं विचारायचे. तळघरातल्या कुंड्यांचं ह्यांना फारच कौतुक वाटलं होतं. बागेत येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "तिकडं झाडं खाली झोपवत्यात. आपला ताण आन् त्यांची झोप, हिशोब एकच."

हळूहळू रविवारी कुंडीशिवाय दुसरं बोलणंच उरलं नाही. फोन लागला की ती आधी झाड दाखवायची. नवा फुटवा, पिवळं पान, कुठे कीड. मी चष्मा लावून बघायची. मधूनच विचारायची, "तू कशी हायेस?" ती म्हणायची, "मी मस्त. हे बघ आई, इथं कळी वाटतेय का?" मला कधी कधी राग यायचा. आठवड्यातून एकदा तोंड दिसतं आणि त्यातला अर्धा वेळ मी झाडाचं तोंड बघते. पण ती हसत असायची, म्हणून मी बोलत नव्हते.

दिवाळीनंतर एका रविवारी तिनं झाड दाखवलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एका बाजूची पानं काळी पडली होती, उकळतं पाणी सांडल्यासारखी.

"हे काय झालं गं?"

"हीटरची हवा लागली वाटतं. फार कोरडी असते."

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पाणी तोड त्याचं. ताणावर सोड. थंडी सरली की फुटंल." आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. एरवी फोन संपेपर्यंत हे हलत नाहीत. मला वाटलं, तंबाखूची तलफ आली असेल.

पुढच्या रविवारपर्यंत सगळी पानं गळाली. उरल्या नुसत्या काड्या. मी घाबरले नाही, कारण माझ्या गच्चीवरचा मोगराही छाटल्यावर तसाच दिसतो. झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड लांबून सारखंच दिसतं. पण दुसऱ्याच गोष्टी मला टोचायला लागल्या. जावई दिसेनासे झाले. "कामावर गेलेत," ती म्हणायची. "रविवारी?" "इथं रविवारी पण असतं आई." फोन ती कुंडीच्या इतका जवळ धरायची की मागचं काही दिसू नये. तिचा चेहरा दिसला तर कपाळापासून नाकापर्यंतच दिसायचा. अंगात घरातही जाड कोट असायचा. आवाज मात्र तसाच, हसरा. तो हसरेपणा मला खोटा वाटायला लागला होता.

मन चिंती ते वैरी न चिंती, तसं माझं झालं. शाळेत फी भरून घेताना मला लेकीचं अर्धं तोंड दिसायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला बिलकुल दम न्हाई. नवा संसार हाय, नवा मुलूख हाय." शेवटी मी ह्यांना न सांगता संभाजीनगरला विहीणबाईंना फोन लावला. त्या गोड बोलल्या. "पोरं मजेत आहेत. तुम्ही उगीच काळजी करताय," म्हणाल्या, आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दुपारी तीनला कुणाचं दूध तापतं, हे मला विचारता आलं नाही.

पौषातल्या एका रविवारी ती नेहमीसारखी झाड दाखवत होती. काड्या तशाच होत्या. बोलता बोलता तिचा हात थोडा मागे गेला आणि क्षणभर कुंडी पूर्ण दिसली. कुंडीच्या मागून उजेड येत होता. झाड मात्र पुढे झुकलेलं होतं, माझ्याकडे, म्हणजे तिच्या खोलीच्या आतल्या बाजूला. उजेडाकडे पाठ करून.

"कुंडी फिरवलीस का गं?" मी विचारलं.

"न्हाई आई. विसरलेच. जिथं होती तिथंच आहे."

"बिलकुल हलवली न्हाई?"

"न्हाई गं. पहिल्या दिवसापासून एकाच जागी आहे."

मी बरं म्हटलं. ह्यांच्याशी दोन शब्द बोलून तिनं फोन ठेवला. मी तिथेच बसून राहिले. सहा महिने एका खिडकीत वाढलेलं झाड त्या खिडकीकडे पाठ करून उभं राहत नाही. कुंडी फिरवली नसेल, तर खिडकी बदलली आहे. आणि खिडकी बदलली असेल, तर घर बदललं आहे. घर बदललं तर लेक आईला सांगते. ती लपवत असेल तर त्याचं कारण चांगलं असू शकत नाही. हे मला अगदी स्वच्छ कळलं.

ह्यांना सांगितलं तर ऐकेनात. "फोनमधी सगळं उलटं दिसतं. आरशासारखं. उजवं डावं होतं," म्हणाले. मी त्या वेळी वाद घातला नाही. सकाळी उन्हं आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीसमोर ह्यांना उभं केलं. ते झाडही काचेकडे झुकलेलं होतं. माझा फोन ह्यांच्या हातात दिला, त्यातला समोरचा कॅमेरा लावला, मागचा लावला. "बघा आता. डावं उजवं होत आसंल. पण झाड उजेडाकडंच झुकलेलं दिसतं का न्हाई?"

हे बघत राहिले. फोन उलटा धरला, सुलटा धरला. मग माझ्या हातात परत दिला आणि मोटारसायकल काढून निघून गेले. डबा चुलीपाशी तसाच राहिला.

ह्यांना जेवणाचा विसर पडलेला मी आमच्या संसारात पाहिला नव्हता. मी शाळेत रजा सांगितली, डबा घेतला आणि जालन्याकडे जाणाऱ्या एसटीत बसून केदारखेड्याला उतरले. बागेपर्यंत चालत गेले. मोसंबी ताणावर होती. झाडांखाली पिवळ्या पानांचा सडा पडलेला. हे एका झाडाच्या बुडाशी उकिडवे बसले होते. मला बघून उठले नाहीत.

मी डबा पुढे ठेवला. ह्यांनी खालून एक पान उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"ताणाची गळ अशी अस्ती. पिवळी. आधी पिवळं पडतं, मंग गळतं," हे म्हणाले. "तिच्या झाडाची पानं काळी व्हती. ती पाण्याची गळ न्हाई, हीटरची पण न्हाई. त्या झाडाला गारठा लागला व्हता. कुणीतरी कुंडी बाहेर ठेवल्ती."

"मंग तवाच काहून बोलला न्हाई?"

ह्यांनी डबा बाजूला सरकवला. मी पुन्हा विचारलं. मग ह्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आधी, मधल्या वारी, लेकीचा ह्यांना फोन आला होता. एकट्या ह्यांना, बागेत. रडत नव्हती, असं हे तीनदा म्हणाले. एवढंच विचारलं होतं, "पप्पा, मी थोडे दिवस घरी येऊ का?"

"आन् तुम्ही काय म्हणला?"

"म्हणलो, बेटा, पहिला हिवाळा सोसावा लागतो. मंग झाड धरतं."

"कशापायी येती, ते इचारलं का?"

"न्हाई."

"का न्हाई?"

"इचारलं आस्तं तर तिनं सांगितलं आस्तं," हे म्हणाले.

ते एवढं खरं बोलले म्हणून मला जास्त राग आला. मी त्या बागेत काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बांधावरचा गडी औत थांबवून बघत होता, तरी मी थांबले नाही. ह्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. डबा कुणीच उघडला नाही. परतताना मी मोटारसायकलवर मागे बसले, पण ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची लोखंडी दांडी धरून बसले.

त्या दिवशी सोमवार होता. दिवेलागणीला मी फोन लावला आणि ह्यांना शेजारी बसवलं. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. चेहरा पांढरा पडला होता. "आई, कोण गेलं? आज सोमवार आहे. पप्पा कुठंयत?"

आमच्या नियमानं तिला हेच शिकवलं होतं. मधल्या वारी आईबापाचा फोन म्हणजे कुणीतरी मेलं. हे पुढे सरकले, कॅमेऱ्यात आले. मीच बोलले.

"कुणी गेलं न्हाई. तू घर बदललंस ना?"

तिनं मागे वळून बघितलं. मग म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. झाड उजेडाकडं पाठ करून उभं हाय तुझं. मला दिसलं. आता खोटं बोलू नको माय. काय झालं ते सांग."

तिनं फोन हळूच फिरवला. पहिल्यांदाच खोली दिसली. ते घर नव्हतंच, तळघर होतं. वर, छताला लागून, हातभर रुंद खिडकी, तीही अर्धी बर्फानं झाकलेली. एका भिंतीला लोखंडी खाट. उरलेल्या तिन्ही भिंतींना कुंड्या, बुडापासून कापलेल्या, ओळीनं. म्हातारीच्या झोपवलेल्या कुंड्या. त्यांच्यामध्ये माझी लेक कोट घालून बसली होती.

ती सांगत गेली तसं आम्ही ऐकत गेलो. ती फार सांगत नव्हती आणि मी फार विचारलं नाही, जे लागेल तेवढंच विचारलं. जावयांचा हात उठायचा. उन्हाळ्यापासूनच. आम्हाला नमस्कार करून गेले त्या दिवसाच्या आधीपासून. दिवाळीआधी ह्यांच्याशी बोलून झाल्यावर काही दिवसांनी भांडण झालं तेव्हा जावयांनी काही केलं नाही, फक्त मोगऱ्याची कुंडी उचलून बाल्कनीत ठेवली आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "आता रविवारी आईला काय दाखवतेस ते बघू." सकाळी ते कामावर गेल्यावर तिनं कुंडी आत घेतली, शालीत गुंडाळली, पोटाशी धरली आणि बर्फातून चालत म्हातारीच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हातारीनं काही विचारलं नाही. खाली खाट टाकून दिली. महिनाभरापासून लेक एका बेकरीत कामाला जात होती आणि म्हातारीच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढत होती.

"काहून सांगितलं न्हाई गं मला?" मी विचारलं.

"पप्पा म्हणले होते ना, पहिला हिवाळा सोसावा लागतो. मी म्हटलं, हिवाळा सरू दे."

माझ्या शेजारी ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले आणि म्हणाले, "चुकलो बेटा. मी लई चुकलो. ये तू घरी. आत्ता ये. लोक काय म्हणायचं ते म्हणू दे, मी हाय."

ती रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आमच्यासमोर रडली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या खोट्या हसण्यापेक्षा ते रडणं माझ्या लेकीचं होतं.

जरा वेळानं हे आपल्या सवयीवर गेले. माणसाला काय बोलावं सुचत नाही तेव्हा तो येतं तेच बोलतो. "त्या झाडाला आता थोडं पाणी दे," म्हणाले. "बुडाशी नखानं साल खरवडून बघ. आत हिरवं आसंल तर जितं हाय."

तिनं डोळे पुसले. खरवडून बघितलं नाही. कुंडी जवळ ओढली, झाडाला धरलं आणि हळूच वर उचललं. झाड अलगद हातात आलं. मूळ कुठे नव्हतंच, काळा चिखल होता.

"मेलंय ते पप्पा. बाल्कनीतच मेलं होतं. मला माहीत होतं."

"मंग इतके दिवस काहून ठेवलं?" मी म्हटलं. "दर रविवारी दाखवत होतीस मला."

"फेकून दिलं असतं," ती म्हणाली, "तर रविवारी आपण काय बोललो असतो?"

तिच्या हातात ते वाकलेलं झाड होतं, अजून जुन्या खिडकीकडे झुकलेलं. जिवंत असतं तर इतक्या दिवसांत नव्या उजेडाकडे वळलं असतं. एवढी साधी गोष्ट, जन्म बागेत घालवलेल्या माणसाला आणि मला सुचली नव्हती.

ती लगेच आली नाही. कागदपत्रांचं काम होतं, आणि म्हातारीला असं अर्ध्या हिवाळ्यात सोडून जाणार नाही म्हणाली. तिनं आमच्याकडे एकच मागितलं. "रोज फोन करा." आता फोन हेच लावतात, बागेतून आले की हातपाय धुवायच्या आधी. पहिले काही दिवस फार अवघड गेले. कुंडी नव्हती, त्यामुळे फोन लागला की आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचो. मग ह्यांनीच एकदा विचारलं, "आज काय शिजवलं?" ती म्हणाली, "काही न्हाई, ब्रेड खाल्ला." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा कळलं की ती एकटी असली की स्वयंपाक करत नाही, उभ्यानंच खाते. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं हेही कळलं. ते कशानं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण त्या दिवशी हे जेवले नाहीत.

त्या मोगऱ्याच्या कुठल्या फांदीला किती पानं होती, हे मला आजही पाठ आहे.